फ्लेक्सवर मध्ये कोण

दहावीचा निकाल लागला, की कुळगावात नाक्यानाक्यावर क्लासवाल्यांचे फ्लेक्स लागतात. पहिल्या नंबरचा चेहरा मध्ये, सगळ्यांत मोठा. बाकीचे टक्क्यांप्रमाणे लहान होत गेलेले. त्या मधल्या जागेसाठी माझी बहीण पायल वर्षभर पहाटे उठली.

ती पहिली आलीसुद्धा. ९६.२ टक्के. दुसऱ्या आलेल्या राजसीला ९५.८. पण क्लास चालवणाऱ्या संतोष सरांनी मोबाइलवर फ्लेक्सचा नमुना दाखवला, त्यात मध्ये राजसी होती. पायल खाली कोपऱ्यात, वेगळ्या चौकटीत. वर लिहिलेलं : 'आमची अंडरडॉग!'

"सर, हे काय?" मी विचारलं. बी.एस्सी. झाल्यापासून मी त्यांच्याच क्लासमध्ये विज्ञान शिकवते.

"अगं ऋतिका, कौतुकच आहे ते. पत्र्याचं घर, आई कंपनीत पॅकिंगला. लोकांना अशी स्टोरी आवडते. आणि तिचा घरासमोरचा फोटो पाठव. हा स्टुडिओतला फार चकाचक वाटतो."

माझं डोकंच फिरलं. "अंडरडॉग म्हणजे जो हरणार असं सगळे धरून चालतात, तो. इथे कोण धरून चाललं होतं? वर्षभरात अकरा चाचण्या झाल्या, नऊ वेळा पायल पहिली. पेपर तुम्हीच तपासलेत. मग ती हरणार हे कशावरून ठरवलंत? गुणांवरून तर नाही. राहिलं काय? घर!"

"झालं सुरू सायन्सवाल्यांचं!" सर हसले. "राजसीच्या सोसायटीतून पुढच्या वर्षी तीस मुलं येतायत. जरा समजून घे ना."

माझ्या शेजारी उभी असलेली पायल म्हणाली, "सर, कौतुक नको. माझी जागा द्या."

"जागा ठरलीय, बेटा. नको असेल तर फोटो काढून टाकतो. मग नाक्यावर तू दिसणारच नाहीस."

पायल म्हणाली, "काढा."

सरांनी खरंच चौकट पुसली. मग राजसीच्या नावाखाली त्यांनी टाइप केलं, 'क्लासमध्ये प्रथम'. "आता तर काही हरकत नाही ना?"

पायलने राजसीला फोन लावला आणि स्पीकर चालू केला.

"राजसी, आपल्या क्लासमध्ये पहिली कोण गं?"

"तूच की! मला काय चिडवतेस? पप्पा सकाळपासून ऐकवतायत, पहिला नंबर पॉइंट चारने गेला म्हणून."

"हे सरांना सांग. ते इथेच आहेत."

"बंद कर तो फोन," सर म्हणाले.

पायलने फोन त्यांच्या आणखी जवळ धरला.