मे महिन्यातली जागा

धर्मराज सरांनी बेळगावच्या शाळेत तेहेतीस वर्षं भूगोल शिकवला. भरती-ओहोटी, किनाऱ्याची झीज, वाळूचे दांडे, सगळं तोंडपाठ. फळ्यावरचा समुद्र तर त्यांच्या हुकमतीत होता. डस्टर फिरवलं की ओहोटी. निवृत्तीच्या वर्षी त्यांनी वेंगुर्ल्याजवळच्या एका वाडीत अगदी पाण्यासमोर साडेतीन गुंठे जागा घेतली, तेव्हा बेळगावातल्या खासबागेतले शेजारी म्हणाले, "सर, आता भूगोलाचं प्रॅक्टिकल सुरू झालं म्हणायचं."

जागा घेतली ती आईसाठी. कोंडाबाईंनी निपाणीत तंबाखूच्या वखारीत उभा जन्म काढला होता. माहेर-सासर दोन्हीकडं मिळून कुणाच्या नावावर वीतभर जमीन नव्हती. सरांचा खासबागेतला फ्लॅट दुसऱ्या मजल्यावर. म्हातारीला तो कधी पटला नाही. "खाली एकाचं घर, वर दुसऱ्याचं. मधी आपलं काय हाय रं धर्मा? वारं?" असं ती येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायची. म्हणून सरांनी नव्या जागेच्या उताऱ्यावर स्वतःचं नाव न घालता तिचं घातलं. त्या दिवशी कोंडाबाईंनी तो कागद तीनदा वाचून घेतला आणि चौथ्यांदा नुसता हातात धरून बसल्या.

दरवर्षी मे महिन्यात सर जागा बघायला जात. नोकरी सुटली तरी उन्हाळी सुट्टीची सवय सुटली नव्हती. बेळगावकरांची रीतच ती. समुद्र बघायचा तो मे महिन्यात. पाऊस लागला की आंबोलीपर्यंत जायचं, भाजलेलं कणीस खायचं आणि मागं फिरायचं. खाली समुद्राचं काय चाललंय हे विचारायला कोण उतरतो? सर जागेच्या पुढच्या हद्दीच्या दगडापासून पाण्यापर्यंत पावलं टाकत आणि वहीत लिहीत. पहिल्या वर्षी साठ, यंदा छप्पन्न. चार पावलांचं काय एवढं, असं म्हणून वही मिटत.

यंदा कोंडाबाईंना चौऱ्याऐंशी लागलं. सरांनी ठरवलं, आता थांबायचं नाही. घर बांधायच्या परवानगीचा कागद तेवढा येणार-येणार म्हणून राहिला होता, तोही येईल. बेळगुंदीच्या परशराम गवंड्याला दसऱ्यानंतरचा दिवस सांगून झाला. आई चालती-फिरती आहे तोवर तिच्या जमिनीवर तिचं घर उभं राहिलं पाहिजे, एवढा एकच ध्यास होता.

आषाढात अंबुबाईंचा फोन आला. वाडीतल्या मच्छीमाराची ही बायको. सरांच्या जागेवर तिचं लक्ष असे. ती म्हणाली, "गुरुजी, एकदा आत्ता येवन जागो बघा. मगे पायो घाला."

"माझी जमीन हाय. मी बी येनार," म्हातारी म्हणाली, आणि सरांच्या आधी गाडीत जाऊन बसली.

ते पोचले तेव्हा पाऊस उघडला होता. सरांनी आईला रस्त्याकडेला गाडीतच बसवलं आणि मागच्या दगडापासून चालायला सुरुवात केली. बाविसाव्या पावलाला बुटात पाणी शिरलं. पुढचे दोन दगड दिसतच नव्हते. ते होते तिथं मातकट लाटा येत होत्या, जात होत्या, कुणाशी भांडण नसल्यासारख्या.

"अहो, मे महिन्यात पुढं छप्पन्न पावलं वाळू होती!" सर जवळजवळ ओरडलेच.

"मे म्हयन्यात आसताच," अंबुबाई शांतपणे म्हणाल्या. "दर्यो पावसात वाळू वढून न्हेता, मगे हळूहळू परत घालता. तुमी घाटावरचे सगळे मे म्हयन्यात येतास, वाळू बघतास आणि जागो घेतास."

सरांचे कान तापले. हा धडा त्यांनी स्वतः शिकवला होता. पावसाळी लाटा वाळू ओढून नेतात, उन्हाळी लाटा आणून टाकतात. वार्षिक परीक्षेत त्यावर हमखास प्रश्न. पोरांचे मार्क कापणाऱ्या या माणसानं स्वतः मात्र सात वर्षं एकाच ऋतूत माप घेतलं होतं. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात. इथं शब्दही त्यांचेच निघाले.

अंबुबाईंनी पुढचंही सांगितलं. पूर्वी गेलेली वाळू सगळी परत यायची. पलीकडच्या किनाऱ्यावर बांधासाठी दगड टाकले तेव्हापासून इकडं दरवर्षी थोडी कमी येते. त्यांचं स्वतःचं घर सासऱ्यांच्या काळातच रस्त्याच्या मागं सरकलं होतं. पुढच्या जागेत होड्या ठेवायच्या, जाळी वाळत घालायची, पाणी आलं की उचलायचं. तिथं पक्कं बांधायचं वाडीत कुणाच्या मनातही येत नसे.

सर गाडीकडं परतले. आईला काय सांगावं? जन्मात एकदा हिच्या नावावर जमीन केली, तीही आपल्या मूर्खपणानं पाण्यात घातली.

"आये, चुकलं माझं," ते म्हणाले आणि सगळं सांगितलं.

म्हातारीनं ऐकून घेतलं. "म्हंजे घर न्हाय व्हायाचं."

"न्हाय."

"आनि जमीन?"

"मागची निम्मी हाय. ती बी किती वर्सं, सांगता येत न्हाय."

म्हातारीचे डोळे भरले होते, ते तिनं पुसले नाहीत. मग काठी घेऊन खाली उतरली.

रस्त्यावर अंबुबाईंचा नवरा आणि मुलगा होडी दुसऱ्याच्या माडाला बांधून उभे होते. पाणी इतकं वर आलं होतं की त्यांच्या नेहमीच्या जागी ती राहणार नव्हती. अंबुबाई पुढं आल्या. "आजी, कागद तुमच्या नावावर आसा म्हणान तुमका इचारतंय. नारळीपुनवेपर्यंत होडी तुमच्या जाग्यात ठेवू काय?"

"ठेवा की, त्यात काय," सर घाईनं म्हणाले.

काठी आडवी आली. "तुला इचारलंय व्हय रं?"

सर एक पाऊल मागं सरले. वखारीत पाणी प्यायला जायचं तरी हिला विचारावं लागे. पोर तापानं फणफणलंय, घरी जाऊ का, म्हणून ती एकदा तासभर मालकाच्या दारात उभी राहिली होती. ते पोर म्हणजे सरच होते. चौऱ्याऐंशी वर्षांत आज पहिल्यांदा कुणीतरी तिला विचारत होतं.

कोंडाबाईंनी घाई केली नाही. पदर नीट केला. ओल्या वाळूत काठी रोवत जागेचे दोन्ही कोपरे बघून आल्या आणि मग बोट दाखवलं. "हितं ठेवा. पानी चढलं तर आनखी मागं घ्या. मला इचारत बसू नगा, म्हातारी मानसं झोपल्याली असत्यात."

होडी ओढून जाग्यावर लागेपर्यंत ती तिथंच उभी राहिली.

परतताना आंबोलीत गाडी थांबवून सरांनी परशरामला फोन केला आणि दसऱ्यानंतरचं काम रद्द म्हणून सांगितलं.

"का वो सर? जागा इकली काय?"

मागच्या सीटवरून म्हातारी खेकसली, "इकाया काय झालंय? आमच्या जाग्यात लोकांची होडी हाय म्हनावं."