अकरा जणींना निरोप

मी एका लेडीचं चित्र आहे. कुठल्या लेडीचं, ते विचारू नका. तिथेच माझं अडतं.

चेहऱ्यासाठी एक बाई तीनदा येऊन बसली, एवढं आठवतं. हातांसाठी बसली ती कुणी दुसरीच. पिवळं रेशीम चित्रशाळेतलं; ते लाकडी बाहुलीवर चढवून शागिर्दांनी रंगवलं. इंग्लंडच्या राजाला तेव्हा त्याच्या लाडक्या बाईचे झोपाळू डोळे फार आवडायचे. म्हणून दरबारातल्या आम्हा बाराही जणींना तेच डोळे मिळाले.

आम्ही एकाच दालनात टांगलेल्या. नावं चौकटींवर होती. पुढे चौकटींना नवा मुलामा द्यायला आम्हाला बाहेर काढलं. परत बसवताना कोण कुणाच्या चौकटीत गेलं, देव जाणे.

आम्हा बाराजणींतली लेडी लेटिस बाळंतपणात गेली होती. एकोणीस वर्षांनी तिची मुलगी आर्बेला आली. लग्न होऊन ती हॉलंडला निघाली होती आणि आईचं चित्र सोबत न्यायची राजाने परवानगी दिली होती. बरोबर म्हातारी दाई टॅबिथा.

"नावांवर जाऊ नका, बाईसाहेब," रखवालदार पिगॉट म्हणाला. "परवा एक सरदार स्वतःच्या सासूच्या चित्रापुढेच 'काय देखणी आहे!' म्हणत उभे होते."

"टॅबी, तू तर आईला न्हाऊ घातलंयस. सांग ना, कुठली?"

दाई एकेकीपुढे थांबत गेली. "मेल्या चित्रकारानं सगळ्यांना एकाच आईच्या पोटी घातलंय!"

"चला, होडी खोळंबलीय," पिगॉट म्हणाला.

आर्बेलाचे ओठ थरथरू लागले. ते पाहून टॅबिथाने काठी माझ्याकडे केली.

"हीच. हीच माझी लेटी!"

पोर रडली, हसली, पिगॉटचे हात धरून आभार मानत राहिली. मला खाली उतरवलं तेव्हा दाई वाकून हळूच म्हणाली, "कोण आहेस गं तू? कुणी का असेनास, पोरीला एकटं वाटू देऊ नकोस."

आता मी हॉलंडमध्ये आहे. टॅबिथा वारली. आर्बेला रोज सकाळी मला आदल्या दिवसाचं सगळं सांगते. गेल्या आठवड्यात तिने बाळाला माझ्यापुढे उचलून धरलं. "ही बघ तुझी आजी."

बाळ हसलं. मला गोड वाटलं, आणि चोरट्यासारखंही. कदाचित मीच ती असेन. कदाचित ती अजून तिकडेच भिंतीवर असेल.

त्या दालनात कधी गेलात, तर 'तुमची मुलगी सुखात आहे' एवढं तिला सांगा. नेमकं कुणाला सांगायचं, मला ठाऊक नाही. अकराही जणींना सांगा.