तिसाचा खिसा

माझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीवर एकतीस खिसे आहेत. जुना पडदा फाडून मीच शिवले. महिन्याच्या प्रत्येक तारखेला एक खिसा. काम सुचलं की चिठ्ठी लिहायची, त्या तारखेच्या खिशात टाकायची आणि विसरून जायचं. सकाळी कोको पिताना त्या दिवसाचा खिसा रिकामा करायचा आणि कामाला लागायचं. डोकं कसं झाडून काढलेल्या अंगणासारखं मोकळं! आमच्या बेटाच्या राजधानीत, आपियाच्या बंदरकचेरीत मी सत्तावीस वर्षं कारकून आहे, पण माझ्या हातून एक कागद इकडचा तिकडे झालेला नाही. झाला असेल तर समोर येऊन सांगा.

एक चिठ्ठी मात्र नऊ वर्षं फिरत होती. 'लांगीची माफी माग.' लांगी माझी थोरली बहीण, समुद्रापलीकडे, दुसऱ्या देशाच्या ताब्यातल्या बेटावर, पागो पागोला राहते. आईने तिच्याच घरी डोळे मिटले. मयताला सगळं गोत जमलेलं असताना मी उभी राहिले आणि म्हणाले, "हिनेच हेळसांड करून मारली आईला." तीन वर्षं आईचं हगणंमुतणं लांगीने काढलं होतं. मी एकदाही फिरकले नव्हते. त्या दिवसापासून आमचं बोलणं बंद. चिठ्ठी दर महिन्याला हातात यायची, मी "आज नको" म्हणायची आणि पुढच्या महिन्यासाठी परत खिशात सारायची. घडीवर विरली म्हणून दोनदा नव्याने लिहिली. अक्षर अगदी सुरेख काढलं.

डिसेंबर लागताच भाचीचं, सिनाचं, पत्र आलं. 'मावशी, आईचं हृदय फार थकलंय. तिला माझ्याजवळ सिअॅटलला नेतेय. तीस डिसेंबर, शुक्रवार, संध्याकाळचं विमान. ती परत येईलसं वाटत नाही, म्हणून कळवलं.' मी चिठ्ठी तिसाच्या खिशात टाकली आणि निश्चिंत झाले.

आता गंमत ऐका. त्या वर्षी आमच्या सरकारने तीस डिसेंबर हा दिवसच काढून टाकला होता. जगाची तारीख जिथे बदलते त्या रेषेच्या या अंगाचा आमचा देश त्या अंगाला जाणार होता. गुरुवारी रात्री झोपायचं ते शनिवारी उठायचं. मे महिन्यापासून गावभर दुसरा विषय नव्हता. कचेरीतली तिसाची सगळी कामं मीच एकोणतीस आणि एकतीसवर वाटून दिली. साहेबांनी माझी पाठसुद्धा थोपटली.

शनिवारी उठले तर बाहेर पाणी घातलेल्या दुधासारखा उजेड. समुद्राचा आवाज लांबून, उशीखालून आल्यासारखा येत होता. माणसं हळूहळू चालत होती, कुणाची तरी झोप मोडेल म्हणून जपल्यासारखी. शेजारीण कुंपणावरून म्हणाली, "फुआ, काल काय केलंस गं?"

"काल होता कुठे?" मी म्हणाले, आणि दोघी खुळ्यासारख्या हसत बसलो. आपण अजून झोपेतच आहोत, असं मला सारखं वाटत होतं.

घरात आले, एकतीसचा खिसा रिकामा केला. नळाचा वायसर, रविवारची कोंबडी, बस. माझा नवरा सेफो भिंतीकडे बघत होता.

"शुक्रवार गेला ना? मग त्याच्या खिशातून चिठ्ठी का डोकावतेय?"

"विसरले रे मी. कचेरीच्या गडबडीत..."

"तू? आणि विसरलीस?" सेफो हसला नाही. "सगळ्या बोटींच्या तारखा तुला पाठ. अन् जो दिवस उगवणारच नाही, त्याच्या खिशात नेमकी हीच चिठ्ठी बरी गेली!"

"जास्त शहाणपणा करू नकोस!" मी ओरडले. पेल्यातला कोको ओट्यावर सांडला. पण तो खरं बोलत होता. तो दिवस येणार नाही हे ठाऊक होतं, म्हणूनच मी तो निवडला होता. भित्री मेली मी! मला माझीच किळस आली.

"गेली असेल ती," मी पुटपुटले.

"कशी जाईल? रेषा आपण ओलांडली. पागोवाल्यांनी कुठे ओलांडलीय? तिकडे आज शुक्रवारच आहे." सेफोने पेटी उघडली आणि आईने विणलेली, केवड्याच्या पातीची मऊ चटई माझ्या हातात कोंबली. "ऊठ!"

दुपारच्या छोट्या विमानासाठी मला चटईसकट काट्यावर उभं केलं, वजन घेतलं आणि खिडकीशी बसवलं. अर्ध्या तासाचा तर प्रवास. खाली निळं पाणी, वर ढगांच्या सावल्या, आणि आम्ही शनिवारातून शुक्रवारात चाललो होतो. रेषा कुठे दिसते का म्हणून मी काचेला नाक लावून बसले होते. काही दिसली नाही.

पागोच्या विमानतळावर लांगी बाकावर बसली होती, गळ्यात फुलांच्या माळा, चेहरा सुकलेला. मला बघून तिने मान फिरवली. सिना मात्र उठली. "मावशी! तुमच्याकडे तर शनिवार ना?"

"होता. सोडून आले."

आमच्यात मोठा अपराध नुसत्या शब्दांनी फिटत नाही. चटई डोक्यावरून घेऊन त्या माणसापुढे बसायचं. त्याने उचलली तर माफी मिळाली. नाही उचलली तर बसून राहायचं. मी सगळ्या प्रवाशांसमोर फरशीवर बसले आणि चटई ओढून घेतली. आत मधाच्या रंगाचा उजेड होता. लांगीच्या फक्त चपला दिसत होत्या, सुजलेली पावलं दिसत होती. ती हलेना. विमानाची पहिली हाक झाली. मी मोठ्याने, आईच्या मयताला चारचौघांत बोलले होते तेवढ्याच मोठ्याने, म्हणाले, "ताई, आईचं सगळं तू केलंस. मी एक दिवस आले नाही. खोटं बोलले मी."

बाक करकरला. धापा टाकत, गुडघ्यांना शिव्या घालत कुणीतरी खाली बसलं. चटईची कड वर झाली आणि लांगी, माळांसकट, आत आली.

"सरक की. सगळी जागा अडवून बसलीस."

मी सरकले. तिने माझं डोकं आपल्या खांद्यावर ओढलं आणि दोघी हमसाहमशी रडलो. दुसरी हाक झाली. लांगी उठली नाही, आणि माणसांची रांग आम्हाला वळसा घालून विमानाकडे सरकत राहिली.