खुटाचा डोह

"खुटाच्या डोहात जाळं नोको नेऊ कोणी. थे मासोळीचं माहेर आहे."

आमचे हे मच्छीमार सोसायटीतल्या प्रत्येकाला असं बजावायचे. आवाज कधी चढला नाही, पण गावातल्या एकाही ढिवरानं तो शब्द मोडला नाही. तलाव झाला तेव्हा तिथलं जंगल बुडालं, फांद्या कुजल्या, खुटं मात्र पाण्याखाली उभी राहिली. मरळ त्यांच्याच आडोशाला पिल्लं सांभाळते.

मागच्या श्रावणात हे आपला डोंगा वल्हवत निघाले ते परत आलेच नाहीत. वल्हं तुडुमाजवळ सापडलं, जिथून शेताला पाणी सोडतात. म्हणून सगळा शोध त्या बाजूला झाला. गळ टाकले, पाणबुडे आले, सोसायटीचं मासे दाखवणारं मशीनही फिरवलं. डोहाकडं कोणी गेलं नाही. जो तो यांचं नाव घेऊन म्हणे, देवाजी तिथं जाईलच कशाला?

देह नाही म्हणून चिता नाही, दहावं नाही. सासूबाई चामोर्शीला नणंदेकडं असतात. मुलगा मिरची तोडायला तेलंगणात गेला असेल, असं त्या शेजारणींना सांगतात. मी भेटायला गेले की माझा हात सोडत नाहीत. मागच्या खेपेला म्हणाल्या, "जे कळंन थे मले तूच येऊन सांगजो. दुसऱ्याच्या तोंडून नोको, फोनवर नोको." मी हो म्हटलं.

यंदा तलावातले मासे आणि तळ तपासायला नागपूरचा राजदीप आला. त्याच्याकडं दुसरं मशीन आहे हे कळल्यावर मी सोसायटीच्या भैयाजींना होडीत नेण्याची विनंती केली. त्यांना अवघड वाटलं, पण नाही म्हणाले नाहीत. मी तुळशीला पाणी घातलं आणि नाम घेत होडीत बसले.

राजदीपनं समजावून सांगितलं. एक मशीन सरळ खाली आवाज सोडतं. मासा खालून गेला की पडद्यावर कमानीसारखी रेघ उमटते. तळ म्हणजे नुसती जाड पट्टी. मागच्या वर्षी असंच फिरवलं होतं. दुसरं मशीन दोन्ही बाजूंना आवाज फेकतं, तळाचा फोटोसारखा नकाशा काढतं, आणि उभ्या वस्तूमागं काळी सावली पडते. वस्तू ओळखायची ती सावलीवरून.

"माह्या घरवालीले दाखवू नोको बाबू हे," भैयाजी म्हणाले. "मी कुठीकुठी बसतो थे सगळं दिसन."

मलाही थोडं हसू आलं.

राजदीपला डोहावरून जायचं होतं. भैयाजी अडखळले. जाळं नाही, नुसता आवाज जाणार, असं तो म्हणाला, तेव्हा त्यांनी माझ्याकडं पाहिलं.

"न्या भाऊ," मी म्हटलं.

पहिल्या पडद्यावर कमानीच कमानी. इतके मासे मी कधी बाजारातही पाहिले नव्हते. दुसऱ्या पडद्यावर खुटांच्या लांब सावल्या सरकू लागल्या. मग त्यांच्यामध्ये एक लांबट आकार आला, दोन्ही टोकांना निमुळता, एका कुशीवर कललेला. राजदीपनं होडी वळवून पुन्हा त्यावरून न्यायला सांगितली.

"डोंगा," भैयाजी म्हणाले.

डोंग्याला लागून एका खुटापासून दुसऱ्या खुटापर्यंत पुसट, जाळीदार काहीतरी ताणलेलं होतं. सोसायटीचं जाळं तिथं असणं शक्यच नव्हतं. कोणीतरी बाहेरच्यानं चोरून लावलेलं. ते काढायला हे एकटेच गेले असतील, वल्हं तेवढं वाहत तुडुमाकडं गेलं असेल.

भैयाजींनी डोक्याचा दुपट्टा काढून तोंडावर धरला. "आमी सारा तलाव पाह्यला बाई. इथीच नाई पाह्यलं. त्याचाच शब्द पाळत राह्यलो."

मी पाण्यात हात घातला, पाणी कोमट होतं.

माणूस तिथं आहे की नाही हे मशीन सांगू शकत नाही, राजदीप खाली मान घालून म्हणाला. पाणबुडे उद्या येतील.

काठावर आलो तर लोकांनी फोन काढलेच होते. चामोर्शीला कोणी फोन करू नका, एवढंच मी भैयाजींना सांगितलं. त्यांनी सगळ्यांना थांबवलं.

घरी आले. हातपाय धुतले, देवापाशी दिवा लावला. आरशासमोर कुंकू पुसायला हात गेला आणि मी तो मागं घेतला. मी दारातून आत गेले की सासूबाई आधी कपाळच पाहतात. त्यांना ते कपाळ पाहून कळू नये, माझ्या तोंडून कळावं. कुंकू तसंच ठेवलं, पिशवीत एक लुगडं घातलं, दाराला कडी लावली आणि चामोर्शीसाठी आधी गडचिरोलीची गाडी धरायला स्टँडकडं निघाले.