दातांच्या डॉक्टरांची खुर्ची

कारखान्यात चौतीस वर्षं लेथवर काढलेल्या त्या टर्नरला सगळे सूतभर म्हणायचे, कारण मापात सूतभर फरक दिसला की हा माणूस काम परत करायचा. निवृत्त झाले तरी खोड गेली नाही. घरातलं कॅलेंडरसुद्धा ते लेव्हल लावून टांगत. "तिरकं टांगलं तरी तारीख तीच दिसेल हो," असं बायको म्हणायची, पण ऐकतो कोण?

अशा माणसाच्या सुनेला एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात काम मिळालं. पक्कं नाही, आठवडाभर हात बघणार आणि शनिवारी सांगणार. पहिल्याच दिवशी ती स्वतःची सुरी वर्तमानपत्रात गुंडाळून घेऊन गेली. सुरीने कागद फाडला, पिशवी फाडली आणि थेट मुख्य आचाऱ्याच्या बुटाशी जाऊन पडली. "म्यान असेल तर ही आत आण," तो म्हणाला, "नाहीतर इथल्या सुऱ्या आहेतच." इथल्या सुऱ्यांनी तिचा एक काप जाड, एक बारीक. मंगळवारी ती घरी आली तेव्हा तोंड एवढंसं झालं होतं.

"त्या सुऱ्या हाताला बसत नाहीत, बाबा. असंच चाललं तर शनिवारी मला नारळ देतील."

सूतभरांना हे लगेच पटलं. कारागिराला आपलंच हत्यार लागतं, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. "म्यानच हवंय ना? शुक्रवारी हातात देतो," ते म्हणाले.

नशीब बघा, बुधवारी सकाळीच समोरच्या दातांच्या डॉक्टरांनी जुनी खुर्ची रस्त्यावर काढून ठेवली. बसायची जागा तडकलेली, पण पाठीचं चामडं चांगलं ठणठणीत. सूतभर भर फुटपाथवर मांडी ठोकून ते सोलायला बसले.

"अहो, लोक काय म्हणतील?" बायको खिडकीतून म्हणाली.

"या खुर्चीत बसून लोकांना जे ओरडायचं होतं ते ओरडून झालंय," सूतभर म्हणाले आणि कापत राहिले.

खराब भाग टाकून जेमतेम दोन वीत चामडं हाती लागलं. मग काय, जेवणाचं टेबल गेलं. सुरी कागदावर ठेवून आकार काढला, व्हर्नियरने तीनदा मापला. पात्याची धार एकाच अंगाने घासलेली होती, आणि तेही भलत्याच अंगाने. "ज्याने ही केली त्याला उजवं-डावं कळत नव्हतं," असं म्हणून ते पुढे गेले. धारेने शिवण कापू नये म्हणून दोन पदरांच्या मध्ये जाड पट्टी घातली. आरीने सारख्या अंतरावर भोकं पाडली, मेण लावलेल्या दोऱ्याने दोन सुयांची शिवण घातली. शेवटी कंबरपट्ट्यात अडकवायचा चामडी पट्टा सहा टाके घालून मागे बसवला. अंगठा फुटला, एक सुई मोडली, पण म्यान असं उतरलं की सूतभर त्याच्याकडे बघून गालातल्या गालात हसायला लागले.

शुक्रवारी संध्याकाळी सुनेने ते उजव्या कमरेला लावलं. सुरी काढायला तिचा डावा हात पोटावरून पलीकडे गेला, कोपर अडकलं, आणि पोर म्हणाली, "छान झालंय, बाबा."

"कसलं छान?" सासूबाई म्हणाल्या. "अहो, ती डावखुरी आहे."

सूतभर बघतच राहिले. "कधीपासून?"

"जन्मापासून," सून हळूच म्हणाली.

त्यांनी सुरी उचलली आणि ती भलत्या अंगाची धार पुन्हा बघितली. सुरी बरोबर होती. दीड वर्ष ही पोर त्यांच्या समोर वावरत होती, आणि त्यांनी पातं मापलं, हात बघितलाच नाही. चौतीस वर्षांत एवढी लाज कधी वाटली नव्हती.

म्यान तसंच डावीकडे लावलं तर धार उलट्या दिशेला जात होती, आणि उलटवून लावलं तर पट्टा दर्शनी बाजूला येत होता. तो उसवून पलीकडच्या अंगाला शिवणं आलं. शिवला. पण जुनी सहा भोकं आता समोरच राहिली, आणि झाकायला चामड्याचा तुकडा नाही. सूतभर चपला घालून धावले, तर खुर्ची कचऱ्याच्या गाडीने कधीच नेली होती.

"राहू द्या, बाबा," सून म्हणाली. "मला चालतंय."

"मला चालत नाही ना," सूतभर म्हणाले. पण सकाळी ती तेच लावून गेली.

शनिवारचा दिवस सूतभरांना खायला उठला. संध्याकाळी ती दारात दिसली, आणि तिने पिशवी खाली ठेवायच्या आतच त्यांनी विचारलं, "काय झालं?"

"सोमवारपासून पक्की."

सासूबाईंनी हात जोडले. सूतभरांची नजर मात्र म्यानावर. "भोकांबद्दल कोणी बोललं?"

"मुख्य आचारीच बोलले. एवढं नेटकं काम आणि मध्येच ही भोकं कसली, म्हणाले." ती हसली. "मी म्हटलं, आमच्या बाबांनी आधी म्यान केलं. मग मला बघितलं."

सूतभरांनी स्टूल ओढलं, स्वयंपाकघरात ओट्याशी बसले आणि म्हणाले, "कशी धरतेस, दाखव बघू."

तिने डाव्या हाताने सुरी काढली आणि टोमॅटो घेतला. एकसारख्या चकत्या पडत गेल्या, सूतभरही फरक नाही. टोमॅटो संपेपर्यंत त्यांची नजर तिच्या हातावर होती.

"दीड वर्ष मी काय बघत होतो?" शेवटी ते म्हणाले.

"बातम्या," सासूबाई म्हणाल्या.