अडकलेली पाचर

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी शशिधर शूटिंग क्लबातून घरी आले, रिव्हॉल्वर धुवायला पाणी तापत ठेवलं आणि किटलीपाशीच कोसळले. स्ट्रोक. उजवा हात गेला, वाचाही गेली. इंग्लंडमधल्या लीड्सच्या ज्या हॉस्पिटलात त्यांनी आयुष्यभर लोकांची हाडं जोडली, तिथेच ते पेशंट होऊन पडले.

क्लबातल्या बॉबने रिव्हॉल्वर रिकामं असल्याची खात्री केली आणि तसंच, न धुता, कपाटात कुलूपबंद केलं. जुन्या अमेरिकन नमुन्याची ती नक्कल, बंदुकीच्या काळ्या दारूवर चालणारी, म्हणून दर वेळी गरम पाण्याने धुवावी लागणारी. त्यांच्या बायकोला, शैलाला, तिचा कायमच राग होता. विकून टाकू या, असं तिने बॉबला सांगूनही ठेवलं होतं.

शशिधर घरी आले ते उन्हाळ्यात. येता-जाता डाव्या हाताने त्या कपाटावर टकटक करायचे. शेवटी शैलाने कुलूप काढलं, किचन टेबलावर पेपर पसरला आणि रिव्हॉल्वर त्यांच्यापुढे ठेवलं.

दारूच्या काजळीने ओल धरली होती. नळी जागेवर धरून ठेवणारी पोलादी पाचर गंजून घट्ट बसली होती, आणि ती निघाल्याशिवाय काहीच उघडणार नव्हतं. शैलाने तिच्यात तेल सोडलं. दुसऱ्या दिवशी लाकडाचा तुकडा लावून हातोडीने ठोकलं. पाचर ढिम्म. पुन्हा ठोकलं. शशिधर मान हलवत होते. तिला वाटलं, खचले बिचारे.

"राहू दे, बॉबला बोलावते," ती म्हणाली.

त्यांनी डावा पंजा टेबलावर आपटला. "उलट."

शैलाने हातोडी खाली ठेवली. स्पीच थेरपिस्टने कप, कुत्रा, बस अशी चित्रं दाखवून दाखवून त्यांच्या तोंडून फक्त एक 'येस' काढला होता.

"काय म्हणालात?"

"उलट... बाजूनं." एवढ्यानेच त्यांच्या कपाळावर घाम आला.

तिने रिव्हॉल्वर फिरवलं. त्यांनी डाव्या हाताने ते दाबून धरलं. दोन हलके ठोके, आणि पाचर अलगद बाहेर आली.

"म्हणजे इतका वेळ मी ती घट्टच करत होते?"

शशिधर हसले, अर्ध्याच चेहऱ्याने. शैलाला हसू आलं आणि डोळेही भरून आले.

मग तिने सिंकमध्ये गरम साबणाचं पाणी घेतलं. नळी तिने धरली, ब्रश ते डाव्या हाताने चालवू लागले. पाणी काळं होत गेलं. एकेक भाग उचलून ती नाव विचारत होती. काही नावं आली. जी येत नव्हती, त्यांच्यासाठी ती थांबत होती.