दुसरं कुठं ठेवलं?

कौसल्या सिस्टरने आणखी एक चादर आणून दिपालीच्या अंगावर घातली, तरी तिचे दात वाजायचे थांबेनात.

बाहेर मे महिन्यातलं नागपूर भाजून निघत होतं. खाप्याहून येताना तिचा नवरा साहिल डोक्याला ओला दुपट्टा गुंडाळून आला होता, आणि इथे ही बाई पांघरूण मागत होती. ताप म्हणावा तर तोही नव्हता.

“कधीपासून वं?” सिस्टरने विचारलं.

“कालच्या दिवेलागणीपासून. एकदम हुडहुडी भरली. तवापासून जाऊनच नाही राहिली.”

मुग्धा लॅबच्या छोट्या खिडकीतून हे ऐकत होती. ही खिडकी थेट ऑपरेशनच्या खोलीत उघडत असे. लॅबमध्ये गर्भ वाढवायचे आणि वेळ आली की या खिडकीतून डॉक्टरांच्या हाती द्यायचे, हे तिचं काम. दिवेलागण हा शब्द तिला खटकला, पण तिने तो मनावर घेतला नाही. शिरस्त्याप्रमाणे बाहेर येऊन तिने दिपालीला तिचं नाव विचारलं.

नाव सांगून दिपालीने तिचा हातच धरला. “मॅडम, सासू म्हणते, पुडी टाकून पिकवलेला आंबा तो. वरून पिवळा, आतून आंबट. सुयांनी माही अंडी तशीच झाली काय? खरं सांगा ना जी.”

“असं काही नसतं,” मुग्धा म्हणाली. “दर महिन्याला जी अंडी वाया जातात, तीच इंजेक्शनं वाढवतात. ती कसदार किती निघतील, हे जास्त करून वयावर असतं.”

उत्तर खरं होतं आणि पाठही होतं. क्लिनिकच्या डॉ. उत्तरा यांनी या खेपेला इंजेक्शनांचा डोस बराच वाढवला होता, कारण हा शेवटचा प्रयत्न, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं. अंडी भरपूर मिळाली, पण बहुतेक कच्ची. धड गर्भ झाले दोनच. एवढ्या मोठ्या डोसाने काय होतं यावर डॉक्टरांमध्येच एकमत नाही, हे काही पाठ केलेल्या उत्तरात येत नसे. मुग्धाला त्या हाताची दया आली. बर्फासारखा गार होता तो.

“दुसरं कुठं ठेवलं?” दिपालीने अचानक विचारलं.

“दुसऱ्याची वाढ थांबली. तुमच्या मिस्टरांना सांगितलंय मी.”

“थांबलं नाही ते. थंडीनं काकडून राहिलं.”

मुग्धाने हात सोडवून घेतला. डॉ. उत्तरा हातमोजे चढवत आत आल्या. त्यांनीही शेवटचं वाक्य ऐकलं असावं.

“औषधांनी होतं असं, घाबरायचं नाही,” त्या हसून म्हणाल्या. “मुग्धा, चल, आण.”

मुग्धाने चांगला गर्भ खिडकीतून दिला. सगळं सुरळीत पार पडलं. हात नेहमीसारखे चालले, डोकं मात्र तिथे नव्हतं. डॉ. उत्तरा साहिलला सांगायला बाहेर गेल्या, तशी ती लॅबमध्ये परतली आणि टाकून द्यायच्या गोष्टींच्या ट्रेसमोर जाऊन उभी राहिली.

काल दिवेलागणीलाच तिने दुसरा गर्भ ऊब देणाऱ्या पेटीतून बाहेर काढला होता. चार पेशींवर येऊन तो जो अडला, तो हललाच नव्हता. अजून एक दिवस वाट बघता आली असती. पण घरी जायची घाई होती, आणि असे अडलेले गर्भ पुढे जात नाहीत हे तिने आजवर कितीदा तरी पाहिलं होतं. त्याची काचेची डिश ट्रेमध्ये ठेवून ती निघून गेली होती. रात्रभर डिश एसीच्या गारव्यात पडून होती.

नुसती खात्री करायची, असं स्वतःला बजावत तिने ती सूक्ष्मदर्शकाखाली धरली.

बघितलं. डोळा बाजूला घेतला, काच पुसली, पुन्हा बघितलं. आता पेशी मोजता येत नव्हत्या, इतक्या झाल्या होत्या. झाकणावर दिपालीचं नाव होतं, मुग्धाच्याच अक्षरात. ट्रेमध्ये दुसऱ्या कुणाची डिश नव्हती.

तिला भीती वाटली. लहानपणी जुन्या महाल वस्तीतल्या अंधाऱ्या बोळातून एकटीने येताना वाटायची तशी, साधी, पाठीमागून येणारी भीती. कुणाला सांगायचं आणि काय म्हणून सांगायचं? तिने डिश परत ऊब देणाऱ्या पेटीत सरकवली आणि दार लावलं.

खिडकीपलीकडे चादरी सरकल्याचा आवाज झाला.

“काहून वं, काय झालं? फेकून काहून दिल्या?” कौसल्या सिस्टर विचारत होती.

“पंखा लावा ना जी सिस्टर,” दिपाली म्हणाली. तिचे दात आता वाजत नव्हते. “बरं वाटलं आता. चांगलं गरम होऊन राहिलं.”

मुग्धाचा हात अजून पेटीच्या दारावरच होता.